गाडीच्या पोटातली वाफ

(एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा येथील एका बचत गटाच्या सचिव ताईंनी रेडिओवर दिलेल्या भाषणाचे शब्दरूप)

मी एकोडीहून बोलते आहे. साकोली तालुक्यातलं आमचं गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, मधे बोड्या आणि तलाव. बचत गटाची बाई रेडिओवर आली म्हणजे ती पापडावर नाहीतर कर्जाच्या हप्त्यावर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी हप्त्यावरच बोलणार आहे. फक्त सुरुवात गाडीच्या इंजिनापासून करते.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी काळी-पिवळी आहे. तिचे मालक ती सवारीवर चालवतात. गाडी घेताना ताईनं गटातून कर्ज उचललं होतं आणि हप्ते वेळेवर येत होते. गावात रात्री-बेरात्री कुणाचं पोट दुखलं, कुणा बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं झालं, तर हीच गाडी दारात उभी राहायची. म्हणजे नावाला गाडी एकीची, पण गरज सगळ्या गावाची.

एका मासिक बैठकीत ताई उठून उभी राहिली. म्हणाली, "मला अजून चाळीस हजार पाहिजेत. गाडी तेल खाते. मिस्त्री म्हणतो, हाफ इंजिन करावं लागते."

हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलण्याचं काम. ₹ ४०,००० ऐकून सगळ्या गप्प झाल्या. गटात तेवढी शिल्लक होती, पण ती दिली असती तर दोघींची बियाण्या-खताची मागणी मागे पडली असती. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली, "काऊन वं, तेल खाते म्हणजे जाते कुठं? खाली तं एक थेंब दिसत नाही."

खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी एकीलाही देता आलं नाही. शेळी घ्यायला कर्ज मागितलं तर आपण शेळीचे दात पाहतो, कास पाहतो. गाडीच्या कर्जाला मात्र मिस्त्रीच्या शब्दावर सही करायची? आम्ही ठरवलं, आधी तेल कुठं जातं ते पाहायचं, मग पैशाचं बोलायचं. दुसऱ्या एका जुन्या, अनुभवी मिस्त्रीकडे गाडी नेली. सोबत ताई, तिचे मालक आणि वही घेऊन मी. त्या दिवशी जे कळलं, तेच आज सांगते.

आपल्या गावातला हातपंप आठवा. त्याच्या आत एक वायसर असतो. तो झिजला की दांडा कितीही हापसा, पाणी निसटून खाली जातं. इंजिनाचंही तसंच आहे. नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो. त्याला लोखंडी रिंगा असतात. वरच्या बाजूला डिझेल जळतं, त्याच्या जोरानं पिस्टन खाली ढकलला जातो. पण तो जोर सगळाच कामी येत नाही. थोडा वायू रिंगांच्या फटीतून निसटून खाली जातो. मिस्त्री लोक त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही हे थोडंफार होतंच. रिंगा झिजल्या की जास्त होतं.

खाली इंजिनाचं पोट असतं. तिथं तेल भरलेलं असतं आणि क्रँक गरगर फिरत असतो. वरून निसटलेला गरम वायू तिथल्या तेलाचे बारीक तुषार उचलतो. त्यात पाण्याची वाफ, काजळी आणि न जळलेलं डिझेलही मिसळतं. ही सगळी वाफ पोटात कोंडून राहिली तर दाब वाढेल, तेलाची सिलं फाटतील, गेजच्या भोकातून तेल बाहेर उडेल. म्हणून तिला बाहेर पडायला एक वाट दिलेली असते. त्या वाटेला ब्रीदर म्हणतात.

पूर्वी हा ब्रीदर उघडा असायचा. वाफ सरळ रस्त्यावर सोडायची. जुन्या ट्रॅक्टरखाली नळी लोंबताना तुम्ही पाहिली असेल, तिच्या तोंडाशी तेलाचा थेंब असतो. ती हीच वाट. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकं साचू लागलं. लोकांचे डोळे चुरचुरायचे. एरी हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि कारखान्यांतून निघालेल्या वाफा आणि वायू उन्हात एकत्र येऊन ते धुरकं तयार होतं. मग तिथं १९६१ च्या मॉडेलपासून नव्या मोटारगाड्यांत ही वाफ बाहेर न सोडता परत इंजिनाच्या हवेच्या नळीत जोडू लागले. तिथंच ती जळून जावी, हा हेतू. आज आपल्याकडच्या गाड्यांतही हीच रीत आहे.

रीत चांगली आहे, पण तिचा एक तोटा आहे. वाफेबरोबर तेलही हवेच्या वाटेत जातं. ताईच्या गाडीचं तेल जमिनीवर का दिसत नव्हतं, ते तिथं उमगलं. मिस्त्रीनं एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी काढून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. तेल गाडी स्वतःच श्वासातून आत ओढत होती आणि जाळत होती.

यानं काय बिघडतं? डिझेल गाडीत धुराचा थोडा भाग परत हवेच्या वाटेत सोडलेला असतो. त्यातली काजळी आणि हे तेल एकत्र आलं की डांबरासारखा थर बसतो. चुलीच्या वरच्या आढ्याला धूर आणि फोडणीचं तेल बसून जसा चिकट काळा थर होतो ना, तसाच. हवेची वाट अरुंद होते. गाडीचा ओढा कमी होतो, धूर वाढतो, डिझेल जास्त लागतं. थोड्या थोड्या तेलानं एवढंच होतं. पण एकदम भरपूर तेल आत गेलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागतं. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. असं कधी झालं तर जवळ जाऊन डोकावू नका. चालवणारा जाणता असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडतो. बाकीच्यांनी लांब व्हायचं.

आता ताईच्या गाडीत काय सापडलं ते क्रमानं ऐका. हा क्रम लक्षात ठेवा, कारण यात स्वस्त गोष्टी आधी येतात आणि महाग गोष्टी शेवटी.

पहिली गोष्ट, गेज. ताईचे मालक रोज सकाळी एक फेरी करून आले की लगेच गेज काढून पाहायचे. तेव्हा तेल इंजिनाच्या वरच्या भागातून खाली उतरलेलंच नसतं. गेजवर कमी दिसतं. मग ते भीतीनं वरून ओतायचे. असं करता करता तेल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं. जास्त तेल म्हणजे चांगलंच, असं त्यांना वाटायचं. पण तेल जास्त झालं की फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि रवीनं ताक घुसळावं तसा फेस काढतो. फेस झाला की वाफेत तेल जास्त. म्हणजे तेल जळतं म्हणून ते ओतत होते, आणि ओतत होते म्हणून ते जळत होतं. बरोबर रीत अशी: गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, गेज काढून स्वच्छ फडक्यानं पुसायची, परत पूर्ण घालून काढायची, मग पाहायचं. तेल दोन खुणांच्या मधे असावं. वरच्या खुणेच्या वर कधीच नको.

दुसरी गोष्ट, एअर फिल्टर. तो धान मळणीचे दिवस होते. रस्त्यावर कोंडा, गवताचा भुसा, धूळ. फिल्टर इतका कोंदला होता, की झटकल्यावर वाटीभर भुसा निघाला. नाक चोंदलं की आपण जसे जोरानं श्वास ओढतो, तसं इंजिन जोरानं हवा ओढतं. समोरून हवा मिळत नाही, तेव्हा ते ब्रीदरच्या नळीतून वाफ आणि तेल जास्त ओढतं. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नसतो. फारच भरला असेल तर बदलायचा. मळणीच्या हंगामात तो नेहमीपेक्षा लवकर पाहायचा.

तिसरी गोष्ट, ब्रीदरची जाळी आणि नळी. इंजिनाच्या वरच्या झाकणात तेल गाळून परत खाली सोडायला आडवे पत्रे किंवा जाळी असते. ती चिकटानं भरली होती. नळी कडक होऊन तडकली होती. जाळी साफ केली, नळी नवीन घातली. साधी पाण्याची नळी नाही, तेलाला आणि तापाला टिकणारी.

चौथी गोष्ट, रिंगा. इंजिन सावकाश चालू असताना मिस्त्रीनं तेल भरायचं झाकण उघडून नुसतं ठेवून पाहिलं. झाकण थोडं हललं, थोडी वाफ आली. तेवढं चालतं. झाकण उडायला लागलं, धुराचे भपके ठोक्या-ठोक्याला येऊ लागले, तर रिंगा गेल्या समजायच्या. ताईच्या गाडीच्या रिंगा झिजल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या. ही तपासणी मिस्त्रीकडूनच करवून घ्या, गरम तेल अंगावर उडतं. आणि खर्चाचा आकडा मोठा असेल तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. ते मोजता येतं. अंदाजावर हाफ इंजिन करू नका.

पाचवी गोष्ट, टर्बो. टर्बोचं सिल गेलं तरी हवेच्या नळीत तेल येतं. म्हणून टर्बोच्या आधीची नळी ओली आहे की फक्त नंतरची, हे पाहावं लागतं. इथं ब्रीदर जोडलेल्या जागेपासूनच ओलं होतं आणि टर्बोच्या दांड्यालाही ढिलेपणा नव्हता. टर्बो ठीक होता.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा ब्रीदरची नळी काढून खाली मोकळी सोडली असती तर? ते ताईच्या मालकांनी आधी करून पाहिलं होतं. चार दिवसांत गाडीत बसणाऱ्या बायांचं डोकं दुखू लागलं, एका लेकराला उलटी झाली. ती वाफ खालून येऊन गाडीत शिरत होती. तिच्यात न दिसणारा विषारी वायूही असतो. शिवाय उघड्या नळीतून धूळ आत जाते आणि प्रदूषण होतं ते वेगळंच. कंपनीनं जोडलेली नळी तोडून ठेवणं बरोबर नाही, कायद्यालाही धरून नाही.

मग मिस्त्रीनं एक उपाय सांगितला. ब्रीदर आणि हवेची नळी यांच्या मधे एक छोटा धातूचा डबा बसवायचा. त्याला 'कॅच कॅन' म्हणतात. आमच्या बायांना मी तो असा समजावला. भाताच्या गंजावर झाकणी ठेवली की वाफ तिला लागते आणि खालच्या अंगाला थेंब जमतात. झाकणी कलती केली की ते पाणी निथळतं. तसंच इथं. गरम वाफ डब्यात येते, जाळीला लागून थंड होते, तेलाचे थेंब तळाशी बसतात. उरलेला वायू दुसऱ्या नळीनं इंजिनात जातो आणि जळतो. तेल डब्यात, वायू इंजिनात.

हा डबा बसवताना काही गोष्टी सांभाळायच्या. आत जाळी किंवा आडवे पत्रे हवेतच, नुसता रिकामा डबा फारसं काही पकडत नाही. नळी मूळच्या नळीपेक्षा बारीक नको, नाहीतर वाट तुंबते आणि सिलं फुटतात. डबा सायलेन्सरच्या आणि टर्बोच्या तापापासून लांब, घट्ट बसवलेला हवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा जुगाड करू नका. ती तापानं वितळते, ओढीनं चपटी होते. आणि डबा वेळेवर रिकामा करायचा. तो काठोकाठ भरला तर सगळं तेल एकदम आत ओढलं जाईल, म्हणजे मघाशी सांगितलेला धोका आपणच घरी आणला. सुरुवातीला दर पाचशे किलोमीटरला पाहा, मग आपल्या गाडीचा अंदाज येतो. पावसाळ्यात आणि थंडीत, जवळच्या जवळ फेऱ्या असल्या, तर तेलाबरोबर पाणीही जास्त जमतं. दुधाळ चहासारखं दिसतं. घाबरू नका. पण रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र मिस्त्रीला लगेच दाखवा.

डब्यातलं तेल परत इंजिनात ओतू नका. ते खराब झालेलं असतं. चुलीत टाकू नका, बोडीत किंवा बांधीच्या धुऱ्यावर फेकू नका. आपल्याकडे जळकं तेल बैलाच्या जखमेला लावतात, तेही करू नका. बंद डब्यात साठवा आणि जिथं जुनं तेल गोळा करून पुढे देतात त्या गॅरेजला द्या.

आता आमचा हिशोब. गेज, फिल्टर, नळी, जाळीची सफाई आणि डबा, सगळं मिळून ताईनं मागितलेल्या रकमेच्या फारच थोड्या भागात झालं. तेवढं कर्ज गटानं दिलं. बियाण्याचीही मागणी भागली. आठवड्याला अर्धा लिटर तेल ओतावं लागायचं, ते पंधरा दिवसाला पाव लिटरवर आलं.

पण डब्याचा खरा फायदा आम्हाला नंतर कळला. आम्ही ताईला एक अट घातली होती. डबा रिकामा करताना जमलेलं तेल जुन्या औषधाच्या मापानं मोजायचं, किती किलोमीटर झाले ते पाहायचं, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. लिहायचं काम तिच्या सातवीतल्या मुलीनं घेतलं. जवळजवळ दीड वर्ष आकडा सारखाच होता. मग हळूहळू वाढू लागला. तीन महिने सलग वाढला तेव्हा ताई स्वतःच बैठकीत म्हणाली, "आता रिंगा आल्या." कॉम्प्रेशन मोजलं, खरंच कमी झालं होतं. तोवर तिनं इंजिनासाठी वेगळी बचत साठवली होती. पावसाळ्यात सवारी कमी असते, तेव्हा काम काढलं. पहिल्या मिस्त्रीनं सांगितलं ते काम शेवटी करावं लागलंच. फरक एवढाच, की ते घाबरून केलं नाही, कर्ज काढून केलं नाही, आणि रात्री बाळंतीण गाडीत असताना रस्त्यावर इंजिन बसलं नाही. डबा झिजलेल्या रिंगा बऱ्या करत नाही. तो तेल अडवतो आणि रिंगा किती झिजल्या ते सांगतो.

ज्यांच्याकडे पेट्रोल गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पेट्रोल गाडीत या वाटेवर पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की तेल जास्त जळतं किंवा सिलातून गळतं. भाग सहसा स्वस्त असतो, सर्व्हिसिंगला तो पाहायला सांगा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा डबा लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि स्कूटी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, पुष्कळ स्कूटरच्या एअर फिल्टरच्या डब्याखाली एक बारीक नळी असते, तिच्या टोकाला बूच. तिथंही हेच तेल-पाणी साचतं. सर्व्हिसिंगला ती रिकामी करायला सांगा.

गाडीचं बोनेट उघडताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

शेवटी एक गोष्ट. मोटारगाडी नवी निघाली तेव्हा लांबचा पहिला प्रवास एका बाईनं केला होता. जर्मनीतली बर्था बेंझ, साल १८८८. नवऱ्यानं बनवलेली गाडी घेऊन ती दोन मुलांसह शंभर किलोमीटरहून लांब माहेरी गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, तेव्हा तिनं टोपीची पिन घालून ती मोकळी केली. म्हणजे गाडीची नळी बाईनं पाहायची ही काही आजची गोष्ट नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. वही लिहिणारी ताईची मुलगी आत्तापासून त्याचं नाव घेते.

तुमच्या गटात गाडीसाठी, ट्रॅक्टरसाठी, डिझेल पंपासाठी कुणी कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका, आणि लगेच होही म्हणू नका. दोघी जणी मिळून मशीनजवळ जा. गेज पुसून पाहा, फिल्टर काढून पाहा, नळीत बोट फिरवून पाहा. तेल कुठं जातं, हा प्रश्न विचारा. आमच्या म्हातारीनं तो विचारला म्हणून आमचे पैसे वाचले.